त्रिमूर्तीनगरच्या आजींचं घड्याळ

८ एप्रिलची दुपार. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यातून मुलाने सव्वादोनला आईला फोन लावला. उचलला नाही. जेवत असेल म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा लावला, मग पाच-पाच मिनिटांनी. अकरावा कॉलही वाजून बंद झाला तेव्हा त्याने शेजारच्या काकूंना घरी पाठवलं आणि स्वतः गाडी काढली. काकू आत गेल्या तर आजी हॉलमध्ये कूलरसमोर सतरंजी टाकून वर्षाचे गहू पाखडत बसलेल्या. फोन चार पावलांवर दिवाणावर. "काहून, काय झालं?" असं उलट त्यांनीच काकूंना विचारलं. मुलगा तोवर खापरीपर्यंत येऊन पोचला होता.

आजी ७४ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, बाकी तब्येत ठणठणीत. मुलगा बुटीबोरीला, सून सदरच्या बँकेत, नात बारावीत जाणारी, तिचा क्लास बर्डीला. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत आजी घरात एकट्या. नागपूरचा उन्हाळा माहीत असणाऱ्याला पुढचं सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि ४४-४५ तर बहुतेक वर्षी होतातच. गुढीपाडव्याच्या आसपास कूलर धुऊन, गवत बदलून खिडकीला लागतो तो मृगाचा पाऊस पडेपर्यंत हलत नाही. पत्र्याचा मोठा कूलर फुल स्पीडवर असला की त्या खोलीत शेजारी बसलेल्या माणसालाही मोठ्याने हाक मारावी लागते. मोबाइलच्या रिंगची काय कथा!

माझं प्रतापनगरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, या घराशी ओळख बारा वर्षांची. त्या प्रसंगानंतर मुलाने स्मार्टवॉच आणि इअरबड्सची जोडी घेतली. त्या जोडीचं जूनपर्यंत काय काय झालं ते मी जवळून पाहिलं, बरंचसं माझ्या हातून दुरुस्त झालं आणि एक महत्त्वाची गोष्ट माझ्याही फार उशिरा लक्षात आली. घरच्यांना विचारूनच हे लिहितो आहे. असं एखादं घर दर आठवड्याला माझ्या काउंटरवर येतं, म्हणून जरा सविस्तर.

एका खोक्यात तिघींची सोय

ऑनलाइन सेल चालू होता. साडेतीन हजारांच्या आत एकाच खोक्यात घड्याळ आणि बड्स. जाहिरातीत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं कुटुंब हसत होतं. मुलाचा विचार वरवर पाहता चुकीचा नव्हता. घड्याळ आईच्या मनगटावर राहील, फोन आला की थरथरेल. बड्स नातीला अभ्यासाचे व्हिडिओ ऐकायला होतील, सुनेला बँकेत जाता-येता कॉल घ्यायला होतील. शिवाय घड्याळात हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, बीपी, शुगर, झोप, पावलं आणि संकटकाळचं बटण, सगळंच होतं.

खोकं घरी आल्यावर पहिली चूक अगदी प्रेमापोटी झाली. "आईला देण्याआधी मी बघतो कसं चालते ते," म्हणून मुलाने घड्याळ स्वतःच्या फोनला जोडलं. चाललं. त्याचे कॉल आले की घड्याळ थरथरलं. रात्री त्याने ते आईच्या हातावर बांधलं आणि सकाळी सातच्या बसने बुटीबोरीला गेला. फोन त्याच्या खिशात गेला, घड्याळ आईच्या हातावर त्रिमूर्तीनगरात राहिलं. तीन दिवस ते वेळ दाखवत होतं आणि पावलं मोजत होतं. चौथ्या दिवशी आजींनी पुन्हा फोन उचलला नाही, तेव्हा मुलगा घड्याळ घेऊन दुकानात आला. "भाऊ, हे खराब निघालं वाटते."

खराब नव्हतं. या किमतीच्या घड्याळात सिम नसतं. फोनवर जे येतं तेवढंच ते ब्लूटूथवरून उचलतं, तेही जोडलेल्या फोनवरचं आणि तो फोन जवळ असेल तरच. ई-सिम असलेली घड्याळं मिळतात, त्यांना स्वतःचं नेटवर्क असतं. पण त्यांची किंमत वेगळी, महिन्याचा प्लॅन लागू शकतो आणि बरीचशी रोज चार्जिंगला लावावी लागतात. मुलाने घेतलेलं तसलं नव्हतं. संकटकाळच्या बटणाचंही तेच. ते बटण फोनला सांगतं, फोन कॉल लावतो. फोन हाताशी नसेल तर बटण दाबून काही होत नाही. मुलाचा चेहरा उतरला. त्या बटणावरच त्याचा सगळ्यात जास्त भरवसा होता.

मी घड्याळ मुलाच्या फोनवरून काढलं आणि आजींच्या फोनला जोडलं. एवढ्यावर काम झालं असं तेव्हा मला वाटलं होतं.

फोन कुठे ठेवायचा

दोन दिवसांनी नातीचा फोन आला. "काका, घड्याळ कधी वाजते, कधी वाजत नाही." मी घरी गेलो.

आजींचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. आजी हॉलमध्ये. पावलांनी मोजलं तर अंतर आठ-नऊ मीटर भरलं. या घड्याळाच्या ब्लूटूथचा पल्ला दहा मीटर सांगतात, तो मोकळ्या जागेतला. इथे मध्ये वीट-सिमेंटची भिंत आणि भिंतीला लागून पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. या लहरी पत्र्यावरून परततात आणि पाण्यात शोषल्या जातात. आजी नेमक्या कूलरच्या समोर बसत, फोन नेमका कूलरच्या मागच्या खोलीत. मी फोन देवघराच्या फळीवर ठेवून पाहिला. देवघर हॉलच्या दुसऱ्या टोकाला आहे, मध्ये काहीच नाही. मुलाला सहा वेळा कॉल करायला लावला, सहाही वेळा घड्याळ थरथरलं. मग फोन पुन्हा आतल्या खोलीत ठेवला, तर सहातले दोनच पोचले. चार्जरसाठी देवघराजवळ बोर्ड होताच. फोनची जागा ठरली.

तरी दुपारनंतर घड्याळ गप्प व्हायचं. याचं कारण मला दुकानात बसूनही सांगता आलं असतं, कारण रोजच पाहतो. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेली ॲप झोपवतात. घड्याळाचं ॲप झोपलं की घड्याळाला निरोप जात नाही. सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढलं. ज्यांच्या घरी घड्याळ "सकाळी चालते अन् दुपारी बंद पडते" त्यांनी घड्याळ परत करण्याआधी हे एक पाहावं.

आणि व्हॉट्सॲप. आजी निवृत्त शिक्षिकांच्या, माहेरच्या, कॉलनीच्या आणि भजनी मंडळाच्या अशा चार ग्रुपवर. सकाळी सहापासून फुलं आणि नमस्कार सुरू. प्रत्येक संदेशाला मनगट थरथरणार. दोन दिवसांत आजींनी त्या थरथरण्याकडे लक्ष देणंच सोडलं, आणि त्यात त्यांची काय चूक? मी सगळ्या ॲपचे निरोप बंद केले. फोन कॉल तेवढे ठेवले. थरथर सगळ्यात जोराची केली, पडद्यावरचे आकडे सगळ्यात मोठे केले.

मामांचा आवाज नातीच्या कानात

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. आजींच्या भावाचा वर्ध्याहून फोन आला. मनगट थरथरलं, आजींनी शिकवल्याप्रमाणे हिरव्या खुणेवर बोट ठेवलं. आवाजच नाही. "हॅलो, हॅलो, कोण जी?" असं त्या घड्याळाकडे तोंड करून बोलताहेत आणि वरच्या मजल्यावरून नात ओरडतेय, "आजी, मामा माझ्या कानात बोलून राह्यले!"

याचं मूळ समजून घेण्यासारखं आहे. कॉलिंगवालं घड्याळ फोनशी बहुतेक वेळा दोन वाटांनी जोडलेलं असतं. एक वाट निरोपांची, कमी बॅटरी खाणारी. दुसरी आवाजाची. म्हणून फोनच्या ब्लूटूथ यादीत एकाच घड्याळाची दोन नावं दिसतात आणि लोक त्यातलं एक "डबल आलं" म्हणून पुसून टाकतात. त्यात बड्सही सुरुवातीला कोणीतरी आजींच्या फोनला जोडून पाहिलेले. बड्सची डबी उघडली की आधी जोडलेला जो फोन आसपास सापडेल त्याला ते आपोआप जोडले जातात. नात वर अभ्यासाला बसली, डबी उघडली, बड्सनी खाली देवघरातला फोन पकडला. आता आजींच्या फोनपुढे आवाज पाठवायला दोन जागा झाल्या आणि त्याने बड्स निवडले.

आजींच्या फोनवरून बड्स कायमचे काढून टाकले. आता ते कोणाचे, हा प्रश्न घरच्यांसमोर ठेवला. सून म्हणाली, "भाऊ, दोघींचे राहू द्या ना, मी सकाळी नेईन, ती रात्री वापरेल." मी स्पष्ट नाही म्हटलं. जोडण्यांचा गोंधळ हे एक कारण. दुसरं, कानात घालायच्या वस्तूची रबरी टोपी एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जाऊ नये. मळ जातो, कानाचा संसर्ग असेल तर तोही जातो. टूथब्रश आपण वाटून घेत नाही. वहिनींनी माझं ऐकलं, पण त्याआधी एक नुकसान होऊन गेलं होतं.

एका दिवशी त्यांनी बड्स स्कूटीच्या डिकीत ठेवले. स्कूटी सदरला बँकेबाहेर उघड्यावर, दहा ते सहा. बाहेर ४४, डिकीत किती असेल याचा अंदाज करा. संध्याकाळी डबी हाताला चटका बसेल इतकी तापलेली, तशीच घरी आणून चार्जिंगला लावली. एका बडमधली बॅटरी चण्याएवढी असते. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही आणि ४५ अंशांच्या वर चार्ज करणं तर तिला फारच घातक. त्यानंतर उजवा बड वीस-पंचवीस मिनिटांत मान टाकू लागला. सर्व्हिस सेंटरने वॉरंटीत घ्यायला नकार दिला. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात तापमानाची अट होती, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. अट नसती आणि तरी नाकारलं असतं, तर मी त्यांना १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली असती. बिल मात्र जपून ठेवलेलं असावं लागतं.

बड्स शेवटी नातीकडे गेले. सुभाषनगर ते सीताबर्डी मेट्रोत ती ऐकत जाते. डब्यातल्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत नेते, हे मी तिच्या फोनवर पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. आवाज ९० वर गेला की तीच मर्यादा चार तासांवर येते. मी तिला आकडे सांगितले, फोनमधली आवाजाची कमाल मर्यादा बांधून दिली आणि रस्ता ओलांडताना दोन्ही बड्स डबीत ठेवायचा शब्द घेतला. शब्द पाळते की नाही ते तिच्या आईकडून मला कळतं. पाळते.

रात्री अकराची धावपळ आणि आमरस

खरी काळजीची बाजू आकड्यांची होती. इतकी वर्षं दुकानात असून या बाबतीत मी आधीच बोलायला हवं होतं.

एका रविवारी संध्याकाळी मुलाने घड्याळाचं ॲप उघडलं. दुपारचे ठोके ११८. झोपण्याआधी ऑक्सिजन पाहिला तर ८८. करोनाच्या दिवसांत ८८ चा अर्थ काय होता ते या शहरात कोणाला सांगावं लागत नाही. रात्री अकराला आईला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथे बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९७. ईसीजी व्यवस्थित. नाडी ७६. डॉक्टरांनी शांतपणे घरी पाठवलं. आजी मात्र त्या रात्री झोपल्या नाहीत. "मले काई होऊन राह्यलं का बाळा, खरं सांग," असं मुलाला दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसून घड्याळ नीट पाहिलं. आजींच्या डाव्या मनगटावर आतून-बाहेरून जुनं गोंदण आहे. लहानपणी माहेरी गोंदणारीण आली तेव्हा काढलेलं: तुळस आणि ठिपक्यांची रांग. घड्याळाच्या पाठीतला हिरवा दिवा कातडीतून आत जातो, रक्त त्यातला काही प्रकाश शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला शोषण कमी-जास्त होतं आणि त्यावरून ठोके मोजले जातात. ऑक्सिजनसाठी लाल आणि न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात. गोंदणाची शाई हा प्रकाश अडवते. त्यात डाव्या हातात काचेच्या बांगड्या. त्या घड्याळाला ढकलत होत्या, पट्टा सैल होता, फटीतून खोलीतला उजेड आत शिरत होता.

आणि ११८ कुठून आले? मी आजींना म्हटलं, "आजी, दुपारी करत होत्या तेच करून दाखवा." त्यांनी सूप घेतलं आणि पाखडायला लागल्या. मोबाइलवर मिनिट लावून मी हिसके मोजले. १२० च्या जवळ भरले. हात एका लयीत हलत असला की अशी घड्याळं कधी कधी ती हालचाल हीच नाडी समजतात. गव्हाच्या सुपाची लय घड्याळाने आजींच्या हृदयाची म्हणून लिहून ठेवली होती. मी त्यांचं मनगट धरून अर्धं मिनिट नाडी मोजली, ३८. म्हणजे मिनिटाला ७६. हे करायला मी मुलाला आणि नातीला तिथेच शिकवलं. अंगठा वापरायचा नाही, पहिली दोन बोटं, अंगठ्याच्या मुळाशी.

मुलाला यंत्राने खोटा आकडा दाखवला हे पटायला जड गेलं. त्याला मी आपल्याच शहराची गोष्ट सांगितली. २०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान दिसलं होतं. देशभर बातम्या झाल्या. नंतर खात्याने तपासलं तर सेन्सरचा दोष निघाला. तिथे बाजूला दुसरी केंद्रं होती, तपासणारी माणसं होती, म्हणून चूक सापडली. मनगटावरच्या सेन्सरला असा शेजारी कोण? बोटाचा ऑक्सिमीटर, दोन बोटांनी मोजलेली नाडी, डॉक्टर.

घड्याळ उजव्या हातावर गेलं. तिथे गोंदण नाही, आणि उजव्या हातातल्या बांगड्या आजींनी स्वतःहून काढून ठेवल्या. पट्टा एक छिद्र आवळला, हाडाच्या उंचवट्यापासून एक बोट वर. शांत बसून घेतलेले ठोके आता बोटांच्या मोजणीशी जुळू लागले, दोन-चारचा फरक.

पण शुगरचं पान उघडं होतं, आणि तिथे मला खरंच भीती वाटली. त्या पानावर आजींची शुगर रोज १०८, ११२, ११० अशी छान दिसत होती. मे महिना, घरात आंबे. "घड्याळात तर चांगली आहे," म्हणत आजी रोज एक वाटी आमरस घेत होत्या, आणि रोज सकाळी बोट टोचून ग्लुकोमीटरवर पाहायची सवय पंधरा दिवसांपासून सुटली होती. मी सुनेला ग्लुकोमीटर आणायला सांगितलं. जेवणानंतर दोन तासांनी २४६. त्याच क्षणी घड्याळात १११.

कातडीला न टोचता केवळ घड्याळाने रक्तातली साखर मोजता येईल असं कोणतंही स्मार्टवॉच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजूर केलेलं नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी अशा घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका असा जाहीर इशारा दिला. चुकीच्या आकड्यावर मधुमेहाचं औषध कमी-जास्त केलं तर जिवावर बेतू शकतं, हेही त्यात म्हटलं आहे. दंडाला चिकटवून शुगर मोजणारे सेन्सर वेगळे. त्यांची बारीक तार कातडीखाली जाते आणि ते डॉक्टरच्या सल्ल्याने लावायचे असतात.

घरच्यांना नुसतं सांगून भागलं नसतं. मी स्वयंपाकघरातून ओला नॅपकिन आणला, गुंडाळी केली, घड्याळ त्यावर आवळून बांधलं आणि मोजायला लावलं. पहिल्या वेळी काही आलं नाही. दुसऱ्या वेळी ठोके ७९, बीपी ११८/७६, शुगर १०९. सून बराच वेळ त्या नॅपकिनकडे बघत राहिली. बीपी आणि शुगरची पानं ॲपमधून काढून टाकली. आजींची शुगर-तपासणीची वही पुन्हा फ्रिजवर आली, आणि त्याच आठवड्यात त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या.

लाइट गेली तेव्हा

मेच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला थांबलो होतो. लाइट गेली. कूलर बंद, पंखा बंद, घर एकदम शांत. देवघरातला फोन वाजला. वरच्या खोलीतून नात म्हणाली, "आजी, फोन." आजी माझ्यासमोर, फोनपासून दहा-बारा फुटांवर. त्यांनी मान वर केली नाही. मग मनगट थरथरलं तेव्हा त्या उठल्या.

दीड महिना मी, मुलगा, सगळे कूलरला दोष देत होतो. कूलर बंद होता.

मला मागच्या गोष्टी आठवल्या. मी त्यांना "घड्याळ सहाला चार्जिंगला लावा" म्हणालो होतो, त्या रोज रात्री दहाला लावत. मला वाटलं विसरतात. वयोमानाने ऐकणं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीतलं, बारीक आवाजांचं. स, श, फ, ट, क असे वर्ण त्यात पहिले हरवतात. आवाज येतो, पण "सहा" आणि "दहा" सारखे ऐकू येतात. फोनची रिंग तर बासरीची बारीक शीळ होती, नातीने हौसेने लावलेली. समोरचा बोलतो ते बऱ्यापैकी कळतं, म्हणून घरातल्यांना शंका येत नाही, आणि ज्याचं ऐकणं जातं त्याला तर सगळ्यात शेवटी कळतं. शाळेत चाळीस पोरांच्या गोंधळात मागच्या बाकावरची कुजबुज पकडणाऱ्या बाईंना हे कसं मान्य व्हावं? आजी दोन दिवस रुसल्या. मग नातीनेच समजूत घातली.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी कानातला मळ काढला, मग श्रवण-चाचणी केली. दोन्ही कानांत मध्यम प्रमाणात कमी, वरच्या पट्टीत जास्त. श्रवणयंत्र लावायला सांगितलं. मुलाने मला विचारलं होतं, "भाऊ, बड्सच आवाज वाढवून लावले तर?" सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत एअरपॉड्स प्रोमधल्या श्रवणयंत्राच्या सुविधेला मान्यता मिळाली, ती सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठी. त्या बातमीनंतर हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. पण साधे बड्स सगळाच आवाज सारखा वाढवतात. जिथे ऐकू येतं तिथे कान फाटतो आणि जिथे येत नाही तिथे तरी पुरत नाही. श्रवणयंत्र चाचणीच्या आलेखाप्रमाणे हव्या त्या पट्टीत आवाज वाढवतं. म्हणून मी नाही म्हटलं.

रिंग मी त्याच दिवशी बदलली. जुन्या फोनसारखी, जाड आवाजाची घंटी. ती त्यांना शेजारच्या खोलीतूनही ऐकू आली.

जूनची नोंद

श्रवणयंत्र यायला आणि कानाला बसायला जून उजाडला. तोवरचे तीन आठवडे नातीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या: उचललेल्या कॉलला टिंब, सुटलेल्याला फुली. तीन आठवड्यांत फुल्या सात. चार सकाळच्या आंघोळीच्या वेळच्या. आंघोळीला घड्याळ काढायचंच असं मी सांगितलं होतं, कारण पाण्यात टिकण्याची चाचणी साध्या पाण्यात होते, साबण आणि गरम पाणी त्याच्या रबरी जोडांना कालांतराने खातं. दोन फुल्या घड्याळ चार्जिंगला असतानाच्या. एक दुपारी फोनचीच बॅटरी संपल्याची, कारण कोणीतरी देवघराचा चार्जर काढून नेला होता.

घड्याळाकडे आता मुख्य कामं दोनच आहेत. फोन आला की थरथरणं आणि वेळ दाखवणं. पावलं आजी स्वतः बघतात, अंगणातल्या फेऱ्यांच्या हिशेबासाठी. संकटकाळच्या बटणाला मुलाचा आणि शेजारच्या काकूंचा नंबर जोडला आहे, आणि ते फोन जवळ असेल तेव्हाच चालतं हे आजींना पाठ आहे. महिन्यातून एकदा नात ते दाबून पाहते.

विकत घेताना काय पाहायला हवं होतं असं मुलाने मला शेवटी विचारलं. मी त्याला खोक्यावरचं बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि त्याखालचा आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दाखवला. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की वस्तू खरंच नोंदलेली आहे की नाही ते कळतं. त्याची होती. मग मी म्हटलं, घेण्याआधी एक दिवस आईजवळ बसून बघितलं असतं की ती फोन का उचलत नाही, तर आधी कानाच्या डॉक्टरकडे गेलो असतो. तो काही बोलला नाही. आठ तास घराबाहेर राबणाऱ्या माणसाला मी हे बोललो, याचं मला नंतर वाईट वाटलं.

२० जूनला चांगला पाऊस झाला आणि कूलर उतरवला. मी जाळ्या काढायला मदत करत होतो तेव्हा वर्ध्याच्या भावाचा फोन आला. आजींनी श्रवणयंत्र जरा दाबून बसवलं, घड्याळावरच्या हिरव्या खुणेला हात लावला नाही, देवघरापाशी जाऊन फोन कानाला लावला आणि पाऊण तास बोलल्या.